लाल कापड वर असताना

कापड वर होते, आणि कुणीही काही बोलत नव्हते.

बांबूच्या टोकाला बांधलेला तो लाल तुकडा वाऱ्यावाचून लोंबत होता. गावातल्या चंपतने तो बांबू दोन्ही हातांनी छातीशी धरला होता. शेताच्या कडेला पाहायला आलेली माणसे जिथल्या तिथे थांबली होती. एकाची विडी ओठांतच विझली होती. एका म्हाताऱ्याने वर आलेला खोकला गिळला होता आणि त्याचे डोळे पाण्याने भरले होते. वाटेवरच्या गाडीवानाने खाली उतरून बैलांच्या घंटा मुठीत धरल्या होत्या. कापसाच्या पऱ्हाटीत वाकलेल्या बाया वाकलेल्याच राहिल्या होत्या, बोंडाशी गेलेली बोटे तशीच ठेवून.

डोमाजीचा घण खांद्याशी तोललेला होता. त्याच्या पायांपुढे जमिनीत बसवलेला लोखंडी पाट उन्हात चमकत होता. तिथून निघालेली काळी तार पऱ्हाटीतून सरळ पुढे गेली होती, आणि तिला थोड्या थोड्या अंतरावर जोडलेले लहान डबे खिळ्यासारख्या टोकांनी मातीत रोवलेले होते. साहेब त्यांना जिओफोन म्हणत. गावाने पहिल्याच दिवशी त्यांचे नाव ‘कान’ ठेवले होते.

जीपमध्ये, काळ्या कापडाच्या सावलीत, साहेब पडद्यावरच्या रेषांकडे पाहत बसले होते. रेषा शांत झाल्या की त्यांचा वर धरलेला हात खाली येई, आणि मग घण पडे. पण हात वरच राहिला होता.

“कौन चल रा उधर?” साहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दमलेला होता.

डोमाजीने मान न हलवता डोळे वळवले. धुऱ्यावरून, दोन शेतांमधल्या त्या अरुंद उंचवट्यावरून, डोक्यावर कडब्याचा भारा घेतलेली चंपाबाई येत होती. चंपाबाई म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची, खुशालची, बायको. भाऱ्याची पाती तिच्या कपाळावर उतरली होती, त्यांच्याखाली पदर. पावलापुढची हातभर जमीन तेवढी तिला दिसत असावी. कापड तिला दिसले नव्हते.

या एका जागेवरचे घाव सकाळपासून दोनदा वाया गेले होते. एका घावाने जमीन पुरेसे बोलत नसे. एकाच जागी घावावर घाव घालावे लागत, आणि यंत्र त्यांची बेरीज करत जाई. मध्ये एखादे पाऊल वाजले की सारी बेरीज नासे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. डोमाजीचे खांदे जळत होते. साहेबांसमोर त्याने शब्द दिला होता की हे आपलेच शेत आहे, पलीकडचे भावाचे, इथे कुणी हलणार नाही.

“ए,” तो ओरडला. “उभी राह्य तिथंच. कापड दिसत नाई तुले? जीव गेला तरी हलायचं नाई आन् तोंडातून आवाज काढायचा नाई. समजलं?”

चंपाबाई थांबली. एक पाय पुढे, एक मागे, तशीच.

मघाची शांतता साहेबांसाठी होती. आता उतरली ती वेगळीच. डोमाजी तिचा भासरा होता, नवऱ्याचा मोठा भाऊ. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या दोघांमध्ये एक शब्दही समोरासमोर झालेला नव्हता. तो अंगणात शिरण्याआधी खाकरे, ती भिंतीकडे वळे. काही विचारायचेच असले तर तो दाराच्या चौकटीला विचारी, “खुशाल घरी हाये का?” आणि आतून उजव्या हातातल्या बांगड्या एकदा वाजत. वाजल्या म्हणजे आहे. न वाजल्या म्हणजे नाही. इतक्या वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच तोंडावर हाक मारली होती, आणि ती अशी.

साहेबांचा हात खाली आला. डोमाजीने घण घातला. मग पुन्हा, मग पुन्हा. एका जागेची बेरीज पुरी होईपर्यंत चंपाबाई भाऱ्याखाली उभी होती. तिच्या मानेवरची शीर ताठ झालेली त्याला दिसत होती आणि तो पाटाकडे पाहत होता.

कापड खाली आल्यावर चंपत हसला. “पाह्यलं का, डोमाजी? साहेबाच्या मशिनीपक्षा तुह्याच धाकात ताकद हाये. पुतळा केला तिचा.”

काही जण हसले. चंपाबाई वळून धुऱ्यावरून परत गेली. ती ज्या कामाला निघाली होती ते पलीकडे होते, पण ती परत गेली.

*

दसऱ्याच्या आधी लातूरकडे गावेच्या गावे एका पहाटेत दगडांखाली गेली होती. ती बातमी पैनगंगेच्या काठी आली तेव्हा सोयाबीन काढणीला होते, आणि लोकांनी ती दूरच्या मरणाची बातमी ऐकावी तशी ऐकली. कार्तिकात मात्र इथल्याच मांडणीवरची भांडी आपोआप किणकिणली. विहिरीतल्या पाण्यावर हवेवाचून लाटा उठल्या. भिंतींना केसाएवढ्या रेषा पडल्या आणि माणसे त्या रेषांना हात लावून पाहू लागली, देहावरची गाठ चाचपावी तशी. घरात कुणी निजेना. सरपंच पांडुरंगरावांनी आदिलाबादला अर्ज केला, आणि संक्रांतीच्या सुमारास हैद्राबादहून भूगर्भ तपासणाऱ्या साहेबांची जीप आली.

नदीला समांतर, जमिनीखाली एक भेग असावी, असे साहेबांचे म्हणणे. ती कुठून जाते ते पाहायचे. घाव खाली जातो, खडकाला लागून परत येतो, कान तो ऐकतात. खडक जिथे मोडलेला असतो तिथे आवाज उशिरा परततो.

“जमीन बहोत धीरे बोलती,” पहिल्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना सांगितले होते. “अपन चुप रहे तो सुनाई देती.”

गावाने हे फार मनावर घेतले. जो कापड वर असताना हलेल त्याच्याच घराखालून भेग जाईल, असे कुणी म्हणाले नव्हते, तरी दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना ते ठाऊक होते. उखळे थांबत. आया पाळण्याची दोरी धरून ठेवत. जुन्या देवाला इतके कुणी मानले नव्हते.

डोमाजीला घण मिळाला तो त्याच्या हातामुळे. त्याचा घाव पाटावर सपाट पडे आणि उसळून दुसऱ्यांदा वाजत नसे. साहेब त्याला “अच्छा हाथ” म्हणत. घरी त्याच्या कामाला कुणी कधी नाव दिले नव्हते; म्हणून ते दोन शब्द तो नवे धोतर नेसावे तसे अंगावर वागवत होता.

त्या संध्याकाळी तो हातपाय धुऊन ओट्यावर बसला. बयनाबाईने, त्याच्या बायकोने, ताट पुढे सरकवले आणि ती उठली नाही.

“भावसुनेले तोंडावर बोलले तुमी,” ती म्हणाली.

“काम नासून राह्यलं होतं.”

“माह्या नावानं वरडायचं होतं. मी तिले सांगतलं असतं. सारं गाव पायत होतं.”

“तुह्या नावानं वरडत बसलो असतो त चार पावलं अजून पडली असती.”

“पडू द्याची होती.” तिने भाकरीचा तुकडा उचलून त्याच्या ताटात ठेवला, जणू वाद मिटवीत, पण पुढे म्हणाली, “थो राग कापडाचा नोयता. धुऱ्याचा होता.”

डोमाजी जेवत राहिला. वाटणी झाली तेव्हा धुरा बोरीच्या बुंध्यापासून सरळ होता. मग दर वर्षी नांगराचे एकेक तास, एकेका चराची जमीन, इकडे की तिकडे सरकले, हे दोघा भावांना वेगवेगळे आठवत होते. पोळ्यापासून त्यांचे बोलणे बंद होते. खुशालला विहिरीपाशी, शेतातच, घर बांधायचे होते. गोटे आणून टाकलेले होते. आपल्या शेतातून तार जाऊ द्यायला तो तयार झाला तो भावासाठी नव्हे. त्याला भेग कुठे आहे ते घर बांधायच्या आत कळायला हवे होते.

*

तार खुशालच्या शेतात पोचली तो दिवस ढगाळ होता. सकाळी दहिवर पडून माती जड झाली होती. कान रोवताना ती बोटांना चिकटत होती. पाटाची जागा आली ती बरोबर धुऱ्यावर, बोरीच्या अलीकडे, जरा उंचावर. बाकीचे सगळे खाली होते, माणसाच्या कमरेपर्यंत आलेल्या पऱ्हाटीच्या पलीकडे, आणि सगळ्यांचे डोळे चंपतच्या बांबूकडे. त्या उंचीवरून एकट्या डोमाजीला खुशालची विहीर दिसत होती.

विहिरीला कठडा नव्हता. एका बाजूला लाकडी खांबांवर गडगडी बसवलेली आणि काठावर पाय रोवायला एक मोठा सपाट धोंडा. चंपाबाई त्या धोंड्यावर उभी राहून पाणी ओढत होती. बादली निम्म्यावर आली असेल, तेव्हा कापड वर गेले.

तिने ते पाहिले. या वेळी डोक्यावर भारा नव्हता. ती ओढता ओढता थांबली. बादली खाली सोडली असती तर दोर धावला असता, गडगडी करकरली असती, पाण्यावर आपटले असते. वर ओढून घेतली असती तर तीही हालचाल झाली असती. ती दोन्हींच्या मध्ये थांबली. भार पेलावा म्हणून तिने दोराचा वळसा उजव्या मनगटाभोवती घेतला, आणखी एक घेतला, आणि पाय रोवून उभी राहिली. डोमाजीला ते सारे दिसले. तिने त्याच्याकडे पाहिले का? पदराखालून एकदा मान वर झाली होती. तेवढेच.

ती आपल्या सांगण्यावरून थांबली आहे, हे त्याला कळले. आणि त्या क्षणी त्याला बरे वाटले. नंतर ज्या ज्या गोष्टींपाशी तो पुन्हा पुन्हा जाणार होता त्यांतली ही पहिली.

मग धोंडा कलला. फार नाही. ओल्या मातीत एक कड आत बसली, तेवढीच. तिचा पाय सरकला आणि ती दिसेनाशी झाली. तिथे आता फक्त खांब होते, वर येऊन गडगडीत अडकलेली बादली होती, आणि गडगडीवरून खाली गेलेला ताठ दोर. दोर थरथरत होता.

डोमाजी घण घेऊन उभा होता. तो हाकेची वाट पाहत होता. हाक आली असती तर त्याने घण टाकला असता, याबद्दल त्याला पुढेही कधी शंका वाटली नाही. हाक आली नाही. पडली असती तर ओरडली असती. बाई माणूस पडताना ओरडतेच. म्हणजे पायरीवर उतरली असेल. वाकून दोर सोडवत असेल. असे त्याच्या मनाने भराभर एकावर एक रचले, आणि तेवढ्यात पडद्यावर किंचित हललेल्या रेषा पुन्हा शांत झाल्या. साहेबांचा हात खाली आला.

त्याने घाव घातला.

घाव सपाट पडला. तो पुन्हा उभा राहिला. दोर ताठ होता. साहेबांचा हात वर, मग खाली. त्याने घाव घातला. आता थांबलो तर बेरीज नासेल, हा विचार त्याच्या डोक्यात होता. आणि त्याच्या तळाशी, विहिरीच्या तळाशी अंधार असतो तसा, दुसरा एक होता, ज्याला शब्द नव्हते पण ज्याचा आकार धुऱ्याएवढा होता. प्रत्येक घावाआधी तो दोराकडे पाही. प्रत्येक घावानंतर जमीन त्याच्या तळपायांतून वर येऊन पोटऱ्यांत थांबे. गडगडीचा खांब किंचित पुढे झुकला होता.

“बहोत अच्छा,” साहेब हलकेच म्हणाले. “एक और.”

त्याने आणखी एक घातला.

कापड खाली येऊ लागले तसा तो घण टाकून धावला. पऱ्हाटीची बोंडे त्याच्या मांड्यांना ओरबाडत होती. मागून चंपत विचारत होता, “अरे, काय झालं? डोमाजी, काय झालं?” आणि त्या विचारण्याने त्याला कळले की दुसऱ्या कुणीच काही पाहिलेले नाही.

चंपाबाई विहिरीच्या तोंडाखाली पुरुष दीड पुरुष खोलीवर लटकत होती. भिंतीतल्या एका दगडावर तिच्या पायाची बोटे टेकली होती. बाकी साऱ्या देहाचा भार मनगटावर. वळसे मांसात रुतले होते. बांगड्या फुटून त्यांचे तुकडे दोरात अडकले होते. हात काळानिळा, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. तिचा खालचा ओठ दातांखाली होता आणि हनुवटीवर रक्त आले होते.

वर कोण वाकले आहे ते तिने पाहिले, आणि मोकळ्या डाव्या हाताने पदर चाचपून तो तोंडावर ओढून घेतला.

डोमाजी कडेच्या खाचांत पाय देत उतरला. त्याने तिला काखेखाली धरून वर उचलले, म्हणजे दोरावरचा ताण जाईल. आयुष्यात त्याने तिची सावलीही ओलांडली नव्हती. ती इतकी हलकी असेल असे त्याला वाटले नव्हते. वरून खुशाल आणि चंपत हात देत होते. ती तेव्हाही ओरडली नाही.

साहेबांनी यंत्र तसेच सोडले, जीपमधले सामान बाहेर काढून ठेवले आणि तिला घेऊन ते स्वतः आदिलाबादला गेले. तार, कान, पाट तसेच शेतात पडून राहिले. अंधार पडेपर्यंत डोमाजी त्यांची राखण करीत धुऱ्यावर बसला होता.

*

चंपाबाईचा हात वाचला, पण दोन बोटे काढावी लागली, आणि उरलेली वळत नव्हती. माणसे डोमाजीच्या ओट्यावर येऊन बसू लागली.

“सख्खा भाऊ असावा त असा,” एकजण म्हणाला. “बोलणं बंद होतं, पण पाय धावलेच न.”

“भासरा असून हात लावला,” दुसरा म्हणाला. “अशा वक्ती कायचा भासरा आन् कायचं काय.”

“कान ठेवले जमिनीले, आन् ऐकू आलं त यालेच,” चंपत म्हणाला. “आमी काय, बांबूचे खांब.”

डोमाजी म्हणायचा, “काई नाई, काई नाई.” ते नम्रतेसारखे ऐकू येई. जे खरे होते ते त्या दोन शब्दांच्या मागे उभे होते, आणि प्रत्येक वेळी शब्द अधिक जाड होत होते.

काम आणखी काही दिवस चालले, गावाच्या दुसऱ्या अंगाला. त्याचा घाव आता तिरपा पडू लागला. पाट एका कडेवर उठे आणि पुन्हा वाजे.

“क्या हुआ, डोमाजी?” साहेबांनी विचारले. “हाथ बिगड गया?”

“खांदा दुखता साहेब.”

जाण्याच्या आदल्या दिवशी साहेबांनी त्याला जीपपाशी बोलावले. बॉनेटवर एक लांब कागद पसरून चार कोपऱ्यांवर ढेकळे ठेवली होती. कागदावर काळ्या लाटांच्या ओळी होत्या, पेरणीच्या तासांसारख्या तिरप्या, एकामागून एक. मध्येच सगळ्या ओळी एकदम खाली उतरल्या होत्या, पायरी उतरावी तशा, आणि तिथून पुन्हा शहाण्यासारख्या पुढे गेल्या होत्या.

“ये देखो. इधर टूटा है. तुम्हारे भाई की बावडी के नीचे से जाता.” साहेबांनी बोट फिरवले. “इतना साफ रिकॉर्ड पूरे काम में नहीं आया. उस दिन कोई हिला नहीं ना.” मग त्यांना काय आठवले कोण जाणे, ते थांबले, आणि कागदावरून हात मागे घेतला.

डोमाजी त्या पायरीकडे पाहत राहिला. यातली प्रत्येक लाट आपल्या हातची. आपण वर उभे होतो आणि खाली हे उमटत होते.

“कब टूटा?” त्याने विचारले.

“बहोत पुराना. आदमी नहीं था तब. ऊपर मिट्टी आ गई, खेत हो गए, पता नहीं चलता.”

“मंग फिर हिलेगा?”

“क्या मालूम. हजारों साल सो जाता. कभी नहीं भी हिलता.” साहेब कागदाची गुंडाळी करू लागले. “लेकिन टूटा हुआ तो टूटा हुआ ही रहता. जुडता नहीं. भाई को बोलो, उधर घर नक्को बांधो.”

*

खुशाल आला तेव्हा डोमाजी बैलाच्या पायातला काटा काढत होता. पोळ्यानंतर पहिल्यांदाच खुशाल त्या अंगणात उभा होता. तो बराच वेळ बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

“घर गावातच बांधतो म्हनलं,” तो शेवटी म्हणाला.

“बरं होईल.”

“दादा, धुरा तुमी म्हनान थिथं. उद्या गोटे टाकू. मले नाई पायजे थे तास. माही बायको राह्यली, मले अजून काय पायजे.”

काटा आत मोडला. बैलाने पाय झटकला. “राहू दे ना बाप्पा,” डोमाजी म्हणाला. “जुना धुरा हाये थोच बरा.”

“नाई. मी सारं ठरवून आलो. तुमी नसते त थ्या विहिरीतून मी काय काढलं असतं?” त्याचा आवाज फुटला, आणि तो लपवायला तो बैलावर खेकसला.

डोमाजीला बोलायचे होते. ‘मी पाह्यलं होतं’ एवढेच तर तीन शब्द. पण मग पुढे त्या शब्दांना तोंड द्यायला खुशालचा चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी भाऊ दिसत होता. तो पुन्हा बैलाच्या खुराकडे वाकला. खुशालला वाटले, दादा मानला.

दुसऱ्या दिवशी खुशालने घराच्या पायासाठी आणलेले गोटे उचलून धुऱ्याच्या नव्या रेषेवर टाकले. एकेक गोटा तो पोटाशी धरून आणी आणि विचारी, “इथं का अजून तिकडं?” डोमाजी म्हणे, “अलीकडं घे.” खुशाल तो पलीकडे, स्वतःच्या शेतात, आणखी एक पाऊल टाकून ठेवी. असा तो धुरा, डोमाजीने कधी मागितला नव्हता इतका, सरकत गेला.

संध्याकाळी बयनाबाई चंपाबाईकडून आली. ती रोज तिची वेणी घालायला जात असे. ती ओट्यावर बसली, आणि बोलली तेव्हा त्याच्याकडे न पाहता.

“मी विचारलं तिले आज. काऊन वं, वरडली काऊन नाई? येवढा येळ लटकून होती.”

“मंग?”

“कापड वर होतं म्हने.”

डोमाजीने चिलमीत तंबाखू भरायला घेतली होती. ती मांडीवर सांडली.

“भासरे म्हनले होते, म्हने. जीव गेला तरी नाई.” बयनाबाईने पदराने तोंड पुसले. “तिचं काई म्हननं नाई. सांगतलं त ऐकलं, अशी बोलली, जसं काई भाजीत मीठ टाकलं म्हनावं.” ती थांबली. “तुमी धुऱ्यावर होते ना तवा? वरतं?”

“हो.”

“कुठं पायत होते?”

त्याने तंबाखूचे कण मांडीवरून एकेक उचलले. ते सगळे उचलून होईपर्यंत बयनाबाई बसली होती. मग ती आत गेली, आणि त्या दिवसापासून तिने त्याला त्याबद्दल काही विचारले नाही. ताट मात्र ती पुढे सरकवायची ते हातभर आधीच थांबायचे.

*

माघ सरत आला. शेवटची वेचणी होती. पऱ्हाटी वाळून काटक्यांवर आली होती, आणि उरलेली बोंडे किडकी, निम्मी उघडलेली, त्यांच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके बोटांत शिरत. डोमाजी नव्या धुऱ्यालगतच्या तासांतून वेचत होता, जी तासे पेरली खुशालने होती. खुशालनेच निरोप धाडला होता: कापूसही तुमचाच.

पलीकडे चंपाबाई वेचत होती, एकटी. कमरेला ओटी बांधलेली. उजवा हात पदरात गुंडाळून पोटाशी धरलेला. वेचणारी बाई दोन्ही हातांनी वेचते, एक हात बोंड धरतो, दुसरा कापूस ओढतो. तिला बोंड धरायला हात नव्हता. ती झाडाची फांदी गुडघ्याशी दाबून धरी, वाके, आणि डाव्या हाताने उपटे. कापसाबरोबर वाळका पाचोळा येई. मग तो पाचोळा ती दातांनी वेगळा करी. तिची ओटी दुपार झाली तरी सपाट होती.

तास त्यांना एकमेकांकडे आणत होते. बोरीपाशी आल्यावर ती थांबली. तिने पदर पुढे ओढला आणि पाठ वळवली, भासऱ्याला वाट देण्यासाठी.

डोमाजीने वाट घेतली नाही. तो बोरीच्या बुंध्याकडे तोंड करून उभा राहिला. झाडाच्या सालीवर मुंगळ्यांची एक रांग वर चढत होती.

“कोणी ऐकत असंल त,” तो बुंध्याला म्हणाला, आणि त्याला वाटले की त्याचा आवाज शेतापलीकडे गेला असेल. पण तो जवळजवळ कुजबुजत होता. “मले दिसलं होतं. पाय सरकला थो. पहिल्या घावाच्या आधी.”

मागे काही हलले नाही.

“दोर दिसत होता. साऱ्या घावाइच्या वक्ती दिसत होता.” त्याने ओठ ओले केले. “खुशालले हे सांगावं का नाई? सांगतो मी. आजच सांगतो. धुरा जसा होता तसा करतो. पन सांगतलं त थो अजून तुटंल. नाई सांगतलं त…” त्याला पुढचे सापडेना. “तिनं म्हनलं त सांगतो. नाई म्हनलं त मरेपर्यंत तोंड उघडत नाई. तिनं काय थे म्हनावं.”

तो ऐकत राहिला. घण खांद्यावर धरून साहेबांच्या हाताकडे पाहताना जसे सगळे अंग कान होई, तसा. चौकटीला विचारले की बांगड्या वाजत. वाजल्या म्हणजे हो. मग त्याला आठवले की त्या हातात बांगड्या नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून त्या मनगटात कासारणीला बांगडी चढवता आलेली नाही, असे बयनाबाई म्हणाली होती.

“वाजवायचं नसंल त बोलून दाखव,” तो म्हणाला. पहिल्या वेळेनंतर तो तिच्याशी दुसऱ्यांदा थेट बोलत होता. “शिवी दे. मी पाठ करून हाये.”

मग तिने ओटीतला कापूस सोडला. तो तिने धुऱ्यावरच्या एका गोट्यावर ठेवला, त्याच्या बाजूच्या कडेला. तुमच्या तासातला तुमचा, असे असावे, किंवा नसावे. पदराची गाठ डाव्या हाताने आणि दातांनी पुन्हा बांधली.

आणि ती निघाली. वाळक्या पऱ्हाटीच्या काटक्या तिच्या पायांखाली मोडत होत्या. नंतर काटक्या संपल्या आणि नुसती पावले राहिली. तो बुंध्याकडे तोंड करूनच उभा होता. ती विहिरीच्या अंगाने, मऊ मातीवरून, गावाकडे जात होती, आणि प्रत्येक पाऊल त्याला तळपायांतून ऐकू येत होते.